वनमालाचं कुलूप

८ फेब्रुवारी १९८८, सोमवार

ही वनमाला आहे तरी कोण!

आज दिवसभर तिनं लिहिलेल्या प्रोग्रामात डोकं खुपसून बसले होते. डबा खायचाच राहिला. संध्याकाळी आईनं डबा उघडला आणि जी सुरू झाली — "त्या मशीनशीच लग्न लाव आता!" दोन पोळ्या परत आणल्या म्हणून एवढं!

झालं असं. सकाळी श्यामसुंदर सरांनी बोलावलं. मुलुंडला ब्रेल पुस्तकांचा एक छापखाना आहे, अंध मुलांची शाळेची पुस्तकं तिथे तयार होतात. टाइप केलेल्या मराठीचे ठिपके करून मशीनकडे पाठवायचे, हे काम आमच्या कंपनीचा प्रोग्राम करतो. त्याचं आता तिसरं व्हर्जन निघालंय. रंगीत पडदा, मेनू, सगळा थाट. आणि मुलुंडचे लोक अजून पहिल्यावरच! त्यांना जूनच्या आत सातवीचं नवं गणिताचं पुस्तक काढायचंय. त्यात पानोपानी कोष्टकं, आणि पहिल्या व्हर्जनला कोष्टक कशाशी खातात ते माहीत नाही. तिसऱ्याला येतं. तर यांचं म्हणणं, तिसरं नको, पहिल्यातच कोष्टकं करून द्या.

सर वैतागलेत. "हट्टी लोक आहेत. मार्चअखेरपर्यंत तू बघ. जमलं तर ठीक, नाहीतर पहिलं कायमचं बंद. मग तिसरं घ्या, नाहीतर रामराम." मी दिवाळीनंतर लागलेली, सगळ्यात नवी. नको असलेलं काम नव्या माणसाच्या गळ्यात मारायचं, हे सगळ्याच ऑफिसांत चालत असणार.

तोंड वाकडं करूनच फाइल उघडली. आणि मग — काय लिहिलंय बाईनं! प्रत्येक पानाच्या डोक्यावर नाव: वनमाला. आडनाव नाही, काही नाही.

९ फेब्रुवारी

जयवंतनं आज कपाट दाखवलं. जयवंत माझ्या शेजारच्या टर्मिनलवर बसतो, मूळचा मालवणचा, तोंडाची टकळी अखंड चालू. मोठ्या मशीनवर एक प्रोग्राम आहे, तो आमच्या प्रत्येक फाइलच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवतो. त्यालाच हे लोक कपाट म्हणतात. फाइल दुरुस्त करायची तर कपाटातून बाहेर काढायची. काढली की त्या आवृत्तीवर तुमच्या नावाचं कुलूप. काम झालं की परत ठेवायची, काय बदललं त्याचा एक शेरा लिहायचा, कुलूप निघतं. तोवर दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. ऑफिसचा हा एकच नियम सगळे पाळतात. चहाचे कप विसळायचा नियम कोणी पाळत नाही.

पहिल्या व्हर्जनचं कपाट उघडलं, तर सगळ्यात वरच्या आवृत्तीवर, १.७ वर, कुलूप! नाव: वनमाला. साल पंच्याऐंशी!

"अगं, ती कधीच गेली," जयवंत म्हणाला. "फाइल काढली, परत ठेवलीच नाही. दुसरं व्हर्जन नवीन कपाटात लिहिलं, मग हे बघतो कोण?"

"गेली कुठे?"

"लग्न करून अमेरिकेला म्हणतात. कोणी म्हणतं दुबई. तेव्हा ऑफिस अंधेरीला होतं ना, साकीनाक्याला नंतर आलं, मी नव्हतो. तिचं खातं पण अजून मशीनवर तसंच आहे. काढायला कोणाला वेळ आहे?"

तिला पाहिलेलं आता इथे कोणीच नाही. तेव्हाचे सगळे परदेशी उडाले. सर शहाऐंशीत आले.

११ फेब्रुवारी

१.७ नुसती वाचली. वाचायला कुलूप आड येत नाही. त्यात कोष्टकाची सुरुवात आहे! म्हणजे तिलाही हेच करायचं होतं. सुरुवात केलीय, आणि मग काहीच नाही. वाक्य अर्ध्यात सोडून माणूस उठून गेल्यासारखं.

सर म्हणाले, "कुलूप तोड आणि लाग कामाला." तोडता येतं. तोडलं की ज्याचं कुलूप त्याला मशीन आपोआप निरोप पाठवतं, की तुमचं कुलूप अमक्यानं अमक्या कारणासाठी तोडलं. हा निरोप वनमालाच्या खात्यात जाऊन पडणार आणि तिथेच धूळ खाणार. माझा हातच होईना. कोणी दारावर कुलूप लावून गावाला गेलंय आणि आपण हातोडा घेऊन उभे!

जयवंतला विचारलं, दुसरा काही रस्ता? तर म्हणाला, "सोपं आहे गं. १.७ ला हातच लावू नको. एक पायरी खाली ये. मुलुंडला चालतं ते १.६. ते बाहेर काढ. परत ठेवशील तेव्हा कपाट आपोआप नवी फांदी फोडेल. मूळ खोड जागच्या जागी, वनमालाचं कुलूप जागच्या जागी, तू तुझ्या फांदीवर बसून काय घालायचा तो गोंधळ घाल."

काढली १.६. पहिल्यांदाच माझ्या नावाचं कुलूप लागलं! वेड्यासारखा आनंद झाला.

१६ फेब्रुवारी

किती सुंदर लिहावं एखाद्यानं! ते मुलुंडचं मशीन एवढंसं, त्यात जागा ती काय. आमचं तिसरं व्हर्जन त्यात पाय ठेवायलाही मावणार नाही. आणि हिनं त्यात सगळं बसवलंय. नावं चक्क मराठी. ओळ पुढे नेणाऱ्या तुकड्याचं नाव 'ol_pudhe', पान संपल्याचं 'pan_sampla'. मध्येमध्ये टिपा, त्याही मराठीत, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेल्या. एका ठिकाणी लिहिलंय — "वाचणाऱ्याला मागची ओळ दिसत नाही. म्हणून शब्द कधी तोडू नये."

हे वाचलं आणि थांबलेच. बरोबर आहे! आपण मागे नजर टाकतो. बोटाला नजर कुठून असणार? मी हा प्रोग्राम ठिपक्यांचा समजत होते. ती तो बोटांचा समजून लिहीत होती.

एकच गोष्ट पटली नाही. घंट्या! ओळ संपली की एक टुंग. पान संपलं की दोन. चूक झाली की तीन. दिवसभर माझं टर्मिनल टुंगटुंग करतंय. खालच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन, वर माझ्या घंट्या. जयवंत म्हणाला, "काय गं, देऊळ उघडलंस काय?" तपासणीसाठी घातल्या असतील आणि काढायच्या राहिल्या. असतं माणसाचं. काढून टाकल्या सगळ्या.

१७ फेब्रुवारी

शांतता! किती स्वच्छ दिसतंय आता. वनमाला असती तर शाबासकी दिली असती.

२१ फेब्रुवारी, रविवार

माणिकचं लग्न लागलं. पाय दुखून गेलेत. ताटात तांदूळ पसरले, भावोजींनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं — अनुपमा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागून "माणिक, ए माणिक" अशी हाक मारली तर नवऱ्या मुलाच्या आत्याबाई वळून म्हणाल्या, "आता अनुपमा म्हणायचं हं." घ्या! इतकी वर्षं माझ्या वेण्या ओढणारी माझी बहीण, आणि एका ताटभर तांदळात संपली. आई म्हणाली, "होते गं सवय. माझं तरी विमला कुठे होतं माहेरी? द्वारका होतं." हे मला आज कळलं! माझ्या आईचं नाव मला आज कळलं.

त्या दृष्टीनं ऑफिस बरं. लॉगिन एकदा दिलं की दिलं. त्यात कोणाची आत्या बोट घालत नाही.

माणिक निघताना रडली नाही. मी रडले.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझी वाट लागली. लिहायलाही लाज वाटते आहे, पण लिहितेच.

तिसऱ्या व्हर्जनमधला कोष्टकाचा भाग उचलून माझ्या फांदीवर बसवला आणि फ्लॉपी घेऊन ऐटीत मुलुंडला गेले. छापखाना म्हणजे एका शाळेमागची लांबट खोली. एका टोकाला ठिपके टोचणारं मशीन, मध्ये संगणक. त्याच्यासमोर साधारण तिशीच्या एक बाई, निळी सुती साडी, पाठ ताठ, तोंड खिडकीकडे. शेजारी द्रौपदीबाई म्हणून एक पोक्त बाई पुस्तक मोठ्यानं वाचतायत आणि या सपासप टाइप करतायत. बोटं काय चालतात! मी आपली मनात, किती छान पद्धत आहे, पुस्तकाकडे बघायला नको, वेळ वाचतो.

"सुहासिनीबाई, त्या साकीनाक्याच्या आल्यात," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"या. घाला तुमची फ्लॉपी."

घातली. त्या चार शब्द टाइप करून थांबल्या. मान किंचित कलती. परत थोडं टाइप केलं. परत थांबल्या.

"घंटी कुठे गेली?"

मी म्हटलं, "त्या ना, काढल्या मी. कटकट होत होती. तपासणीच्या राहिल्या असणार."

"तुम्हाला कटकट होत होती." आवाज अगदी थंड. "आणि ओळ संपली हे मला कोण सांगणार? तुम्ही येऊन बसणार आहात शेजारी?"

तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. खिडकीकडे वळलेले, पण खिडकी बघत नव्हते. मी इतका वेळ त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते!

जीभ चावली, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी ठेवा तुमच्याकडे. घंट्या तेवढ्या परत आणा." मग थोड्या निवळून, "तुमचं तिसरं व्हर्जन इथे येऊन दाखवून गेले तुमचे लोक. मेनू म्हणे, बाण फिरवा म्हणे. मला काय, तो बाण हाताला लागतो? आमच्या संस्थेचे चिटणीस म्हणाले, तिसरं आलं तर डोळस माणूस बसवावा लागेल, तुम्ही बांधणीत पानं लावायला जा. पानं लावणं वाईट नाही. पण ही खुर्ची माझी आहे."

म्हणजे हे हट्टी लोक! म्हणजे 'जुनंच द्या' ते यासाठी! आणि आमच्या ऑफिसात कोणी एकदा विचारलंसुद्धा नाही, का?

२६ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "तारीख तीच राहील, क्षमा. फोर्टवरून मालकांनी ठरवलंय. त्याच्या आत करून दाखव, पुढचं मी बोलतो." माणूस वाईट नाही.

वनमालाच्या सगळ्या घंट्या परत लावल्या. प्रत्येक जिथल्या तिथे. शेऱ्यात लिहिलं — "घंट्या काढणं ही माझी चूक होती. यांच्यावर माणूस काम करतं." कपाटात कायमचं राहील ते. राहू दे.

पण वनमालाला हे कसं माहीत होतं? इतकं आधी? कोणासाठी लिहितोय याचा एवढा विचार! मला तिच्या नखाचीही सर नाही.

जयवंत आता टुंगटुंगवर अवाक्षर काढत नाही.

४ मार्च

सुहासिनीबाईंचा ऑफिसला फोन. रिसेप्शनवर सगळे ऐकतायत आणि ही बाई फोनवर मला झापते आहे.

"हे कोष्टक डोळ्यांसाठी केलंयत."

"म्हणजे?"

"म्हणजे उभे रकाने पाडलेत. मी तिसऱ्या ओळीत सत्तावीसवर आले. सत्तावीस काय? आंबे की पेरू? बघायला बोट परत वर न्यायचं, सरळ रेषेत, रकान्याचं डोकं ओळखायचं, मग परत खाली यायचं. तोवर सातवीतलं पोर सत्तावीस विसरलं!"

खरंच की. तिसऱ्या व्हर्जनचं कोष्टक म्हणजे कागदावरच्या चित्राची नक्कल. मी तेच उचललं.

६ मार्च, रविवार

माणिक — अनुपमा! — माहेरपणाला आली. तिला कोष्टकाचं सांगत बसले. ती म्हणाली, "अगं, माझ्या सासूबाई दुकानातली यादी कशी वाचतात माहितीये? तूरडाळ इतकी, तूरडाळ अशी, तूरडाळ अमक्याची. दर वेळी तूरडाळ म्हणतात. मी हसले तर म्हणाल्या, मध्येच कोणी आलं तर विसरायला होत नाही."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिचं हसू तेच आहे अजून. बरं वाटलं.

७ मार्च

सकाळी बसमध्ये, असल्फ्याच्या चढावर, डोक्यात उजेड पडला! तूरडाळ!!

"वाचणाऱ्याला मागची ओळ दिसत नाही." वनमालानं शब्दासाठी लिहिलंय, मी ते कोष्टकाला लावायचं. रकाने पाडायचेच नाहीत. प्रत्येक आकड्याच्या आधी त्याच्या रकान्याची छोटीशी खूण परत छापायची. आंबे सत्तावीस, पेरू बारा. पुढची ओळ, परत आंबे, परत पेरू. बोटानं कधी मागे जायलाच नको! आणि ओळ संपल्यावर घंटी आहेच.

साकीनाक्याला उतरायचं राहिलं. मरोळपर्यंत गेले. चालत परत आले, उन्हातान्हात, हसत.

१५ मार्च

जागा पुरत नाहीये. मशीनच्या पोटात माझ्या खुणा मावत नाहीत. सकाळी एक तुकडा काढते, संध्याकाळी दुसराच कोसळतो. रडायला आलं.

१७ मार्च

वनमालानं मला जागा दिली! तिनं पान साठवायची जी युक्ती केलीय ती आज कुठे नीट समजली. सगळं पान धरून ठेवायचंच नाही. ओळ झाली की सोडून द्यायची. माझ्या कोष्टकालाही तेच. इतकं साधं! मी आपली सबंध कोष्टक कडेवर घेऊन फिरत होते.

बसतंय. बसलं!

१९ मार्च, शनिवार

मुलुंडला गेले. पानं टोचून निघाली. सुहासिनीबाईंनी कोष्टकावर बोट फिरवलं. एकदा. मग परत पहिल्यापासून, सावकाश. द्रौपदीबाई आणि मी त्या बोटाकडे बघत.

"हे कोणाचं डोकं?"

"माझं. म्हणजे खरं तर माझ्या बहिणीच्या सासूबाईंचं. आणि वनमालाचं."

"कोण वनमाला?"

मग काय, माझी गाडी सुटली. वनमालाबद्दल सगळं सांगितलं. तिच्या टिपा, तिची नावं, तिचं कुलूप, मी ते का तोडलं नाही, फांदी का फोडली. एकदा तरी तिला भेटायला मिळावं, तिच्यासमोर बसून विचारावं, की बाई, तुला हे सगळं सुचलं कसं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल, ते त्यांना दिसणार नव्हतं म्हणून मी पुसलंही नाही.

सुहासिनीबाई हसल्या. पहिल्यांदाच. "पुरे गं. आरती ओवाळतेस की काय तिची! एवढी काय लागून गेली? मला विचारशील तर आळशी होती. पान संपलं आणि पुस्तक संपलं, दोन्हीला दोनच घंट्या. पुस्तकाची वेगळी नको?"

मला रागच आला. वनमालाला नावं ठेवलेली मला चालत नाहीत! पण मुद्दा बरोबर होता. लिहून घेतला.

निघताना धीर करून विचारलं, डोळे लहानपणापासून…? म्हणाल्या, "नाही. चांगली पदवीपर्यंत बघून शिकले. मग आधी कडेचं गेलं, मग हळूहळू मधलं. नोकरीत होते तेव्हा. समोरची अक्षरं विरघळायला लागली. कोणाला सांगितलं नाही. लग्न ठरलंच होतं, ते कारण सोयीचं पडलं." आणि लगेच द्रौपदीबाईंना, "चला, पुढचं पान वाचा."

आज मला 'तू' म्हणाल्या.

२२ मार्च

सर परत मागे लागले. "मालक एकतीसला बघणार. कपाट नीट आवर. ते जुनं कुलूप तोडून टाक, तुझी फांदी खोडावर घे. दोन-दोन जुनी लेकरं कोण सांभाळणार?"

"सर, कुलूप तिचं आहे."

"अगं, ती अमेरिकेत मजेत असेल! कसली पूजा करतेस?"

म्हटलं, एकतीसपर्यंत थांबा. तोवर फांदी फांदीच राहू दे. सरांनी हात जोडले.

पुस्तक संपल्याची वेगळी घंटी घातली. लांब एकच.

२६ मार्च, शनिवार

आज सुहासिनीबाई ऑफिसात आल्या! शेवटची चाचणी इथेच, मोठ्या मशीनवर घेऊ म्हणाल्या. मुलुंडच्या मशीनवर सबंध पुस्तक चालवायला दिवस गेला असता. द्रौपदीबाईंनी रिक्षानं आणून सोडलं आणि त्या इथेच जवळ बहिणीकडे गेल्या. अर्धा दिवस, त्यामुळे ऑफिस रिकामं. सर फोर्टला, जयवंत क्रिकेटला.

माझ्या खुर्चीत बसल्या. कीबोर्डवरून एकदा हात फिरवला, कडा चाचपल्या. "हे टर्मिनल जुनं आहे," म्हणाल्या. मग सबंध सातवीचं गणित माझ्या फांदीतून सोडलं. टुंग, टुंग, टुंग. त्या मान कलती करून ऐकत होत्या. पान. ओळ. ओळ. एकदाही तीन नाही. शेवटी ती लांब एक घंटी वाजली.

"झकास," त्या म्हणाल्या. एवढंच. मला पदक मिळाल्यासारखं झालं!

मग म्हणाल्या, "क्षमा, चहा पाजशील? चांगला, आलं घातलेला. घाई करू नको, मी बसते इथेच."

खाली कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जाऊन किटली भरून आणली. आले तर टर्मिनलवर माझं काम बंद झालेलं, पडदा कोरा, नुसतं नाव विचारतोय. वाटलं चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. तसं म्हणायला नको म्हणून गप्प बसले. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. डोळे ओले होते का? चहाच्या वाफेनं म्हणाल्या.

दुसरा कप मागून घेतला.

२८ मार्च, सोमवार

चिटणीसांचं पत्र आलं. पुस्तक पसंत. पहिलंच व्हर्जन पुढे चालवणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं — ऑपरेटर बदलणार नाही. खुर्ची सुहासिनीबाईंची ती त्यांचीच!

सरांनी मालकांना फोन केला. बराच वेळ 'हो सर, हो सर' चाललं होतं. मग बाहेर येऊन, सगळ्यांसमोर — "पहिलं व्हर्जन बंद होत नाही. क्षमा सांभाळेल." जयवंतनं टेबल बडवलं. मी लाजेनं मेले आणि आनंदानं वेडी झाले, दोन्ही एकदम.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "डबा खाल्लास का?" खाल्ला होता.

मी विचारलं, "आई, तुला कोणी द्वारका म्हणून हाक मारली तर?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ओ देईन की. लगेच देईन."

२९ मार्च

कपाट उघडलं. १.७ वरचं कुलूप नाही.

वर नवीन १.८ आहे. परत ठेवणारी: वनमाला. तारीख शनिवारची, दुपारची. शनिवारी दुपारी माझ्या खुर्चीत एकच बाई होती, आणि मी खाली आलं घातलेला चहा आणायला गेले होते. माणिकची अनुपमा होते. वनमालाची सुहासिनी झाली.

शेरा तिच्याच पद्धतीनं, इंग्रजी अक्षरांतली मराठी:

"परत ठेवायला उशीर झाला. कोष्टक माझ्याकडून अर्धंच राहिलं. क्षमानं १.६ वरून काढलेल्या फांदीत ते पूर्ण आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं आहे. यापुढचं काम तिथूनच करावं. घंट्या काढू नयेत."